माजघराला पुरेल असा दिवा

माझा थोरला भाऊ आगबोटीवर खलाशी होता. बोट बुडाली. त्याचा शोध लागत नाही, असं कंपनीने कळवलं, आणि घरात उरला तो खलाशांच्या घोळक्यातला त्याचा एक फोटो. त्यात त्याचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं. आई म्हणायची, "एवढ्याशात काय दिसनार? त्याचं तोंड मोठं करून दाखवा. एकदा बघते, मग काय ते दिवसपाणी करा." त्यामुळे वर्ष होत आलं तरी भावाचं क्रियाकर्म काहीच झालं नव्हतं.

मी फोटोवाल्याकडून त्या एका चेहऱ्याची काच करून घेतली. जत्रांतून जादूच्या कंदिलाचे, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवायचे, खेळ करणारा एक ओळखीचा होता. त्याला त्याच्या रॉकेलच्या कंदिलासकट घरी बोलावलं. ओसरीवर जागा ऐसपैस होती, पण पुरुषांच्या बैठकीत आई येऊन बसणार? शक्यच नाही. तेव्हा खेळ माजघरात. आमचं माजघर म्हणजे भर दुपारी चाचपडत जायची जागा. खेळवाला आत डोकावून म्हणाला, "असला काळोख मला भाड्याने द्या हो!"

पडदा म्हणून वडिलांचं धोतर ताणलं. भाऊ उमटला, जरा पिवळट, पण तोच. आई म्हणाली, "नाय बा दिसत." झालं! वडील कंदिलावर घसरले, मी खेळवाल्यावर. भिंती काळ्या, दिवा मरतुकडा, दिसणार कसं? त्या खोलीत कुणाला काही दिसलं नाही तर दोष खोलीचा, अशी आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आई पावसाळ्यापासून अंगणात येईनाशी झाली होती, त्यालाही आम्ही दुःख म्हणत होतो. चुलीपाशी तिचा हात कधी चुकला नाही. तिथे आमच्या बायका नाहीतरी हातानेच बघतात.

मग मी ईर्षेला पेटलो. रोगराईवर व्याख्यानं देत फिरणाऱ्या एका डॉक्टरांकडे चित्रं दाखवायला कार्बाइडचा, गॅसवर लखलखणारा कंदील होता. त्यांच्या पाया पडून तो आणला. दारं लावली, फटींत गोणपाट कोंबलं, आईला अगदी समोर बसवलं. ज्योत फुरफुरली आणि धोतर पांढरंशुभ्र झालं. त्यावर भावाचा चेहरा, पुरुषभर उंच, भुवईवरच्या खोकेसकट. माझ्या तोंडून हुंदका फुटला. वडील भिंतीला धरून उभे राहिले.

आईने मान जरा बाजूला वळवली होती, गोणपाटाकडे.

"घाण वास मारतोय," ती म्हणाली. "अजून पेटवला नाय काय रे?"

मी वडिलांकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. मग ते म्हणाले, "नाय पेटत तो."

"मग यापेक्षा मोठा बघ ना बाबा," आई मला म्हणाली. "मी थांबते."

यापेक्षा मोठा दिवा रत्नागिरीत नव्हता.