तांबडा तारा आणि काजलचं लगीन

मेंढरावर गोमाश्या बसतात तशा जतच्या आम्हा धनगरांवर गोष्टी येऊन बसतात. एक उडवावी तर दोन येतात. औंदा सगळ्या एकाच ताऱ्यावरून आल्या.

मृगातला तांबडा तारा. मोबाईलवर कुणीतरी सोडून दिलं, की शिमग्यानंतर तो फुटणार आणि आभाळात दुसरा सूर्य दिसणार. मला वाचता येत नाही, पण तो तारा मी साठ वर्षं बघतोय. तरी पंचाईत माझ्याच घरात झाली. नात काजल हिचं लगीन नेमकं त्याच आठवड्यात धरलेलं. वडूजचे व्याही फोनवर म्हणाले, "पुढच्या साली बघू." पुढच्या साली म्हणजे मोडलंच की!

*

आमचा खंडू मिलिटरीतनं रिटायर होऊन मेंढरं राखतो. ताऱ्याच्या उजेडानं डोळे जातील म्हणून त्यानं बाजारातनं काळा गॉगल आणला आणि तो लावूनच लोकर कातरायला बसला. पांढरी लोकर एका पोत्यात, काळी दुसऱ्यात, अशी आमची रीत. सांजच्याला बघतो तर सगळी एकाच पोत्यात.

"हे काय रं खंडू?"

"मला सगळीच काळी दिसली."

त्याची बायको म्हणाली, "इणा आता चांदण्यांचं घोंगडं."

*

एकदा दिवस मावळताना माझ्या जोडीचा मेंढका बिरू पळत आला. "फुटला गड्या! डोंगरावर तांबडं लुकलुकतंय."

जाऊन बघितलं, तर पवनचक्कीचा दिवा.

"बिरू, ह्यो दिवा लागून दहा वर्षं झाली."

"आसंल. माझी नदर मेंढरावर. वर मी आजच बघितलं."

*

शेवटी बिरूला घेऊन गेलो आणि शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फुटेल एक दिवस, आजोबा. पण कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. उद्या फुटेल, नाहीतर लाख वर्षांनी. आणि फुटला तरी उजेड इथं पोचायला शेकडो वर्षं लागतात."

बिरू म्हणाला, "म्हंजी आदीच फुटला आसंल?"

"असेलही."

बिरूनं जरा इचार केला. "म्हंजी पाव्हणं निघाल्यात, वाटंत हायत."

*

मग मी वडूजला गेलो. व्याह्यांनी चहा दिला आणि मोबाईल पुढं केला.

मी म्हटलं, "पाव्हणं, असली बातमी गेल्या साली आलती का?"

"आलती."

"त्याच्या आदल्या साली?"

"आलती वाटतं."

"मग पुढच्या साली न्हाई का येणार?"

व्याह्यांनी मोबाईल खिशात घातला. मग हळूच म्हणाले, "आवं, पण फुटलाच तर?"

"तर मांडवाला लायटिंग नको."

आतनं विहीणबाई हसल्या. तारीख तीच राहिली.

*

लगीन गोरज मुहूर्ताचं. पाव्हण्यांच्या गाडीला उशीर झाला आणि अंतरपाट धरेपर्यंत अंधारून आलं. तिसरं मंगलाष्टक चाललेलं आणि लाईट गेली. भटजी थांबले. व्याही मांडवाबाहेर जाऊन वर बघायला लागले. मागनं सगळं वऱ्हाड मान वर करून उभं. अक्षता सगळ्यांच्या मुठीत तशाच.

अंतरपाटाआडनं काजल म्हणाली, "आजोबा, तारा हाय का जाग्यावर?"

मी बघितलं. "हाय की."

"मग त्यास्नी म्हणावं, खाली बघा आणि अक्षता टाका."