सख्खे रंग, चुलत रंग

नागपुरात सीताबर्डी असं पूर्ण नाव कुणी घेत नाही. ‘बर्डीवर चाललो’ म्हटलं की पुरतं. व्हरायटी चौकापासून लोहापुलापर्यंतचा हा एवढासा रस्ता, पण आमच्या घरातल्या कुणाचं तिथलं काम एका खेपेत संपल्याचं मला आठवत नाही. चपला, बांगड्या, शाळेचे मोजे, पडद्याचं कापड, मध्येच उसाचा रस, आणि सगळे थकल्यावर शेवटी मॅचिंग.

मॅचिंगच्या दुकानात माझा मामा होता. तीन भिंतींना छतापर्यंत ब्लाउजच्या कापडाचे तागे, समोर लाकडी काउंटर आणि काउंटरमागे तो. बायका पिशवीतून साडी काढायच्या. मामा तिचा काठ दोन बोटांत धरायचा, वळायचा आणि चाळीस हिरव्यांमधून एक हिरवा ओढून काढायचा. पण तो लगेच कापायचा नाही. साडी आणि तागा घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचा आणि दोन्ही उन्हात धरायचा. “आतला उजेड खोटं बोलते,” तो म्हणायचा. बाई मागे यायची, फेरीवाल्याची गाडी थोडी सरकायची आणि रस्त्यावरच्या गर्दीत एक लहानसा न्यायनिवाडा व्हायचा.

रंग तंतोतंत जुळला तर तो ‘सख्खा’, जवळपास जुळला तर ‘चुलत’. हे त्याचे स्वतःचे शब्द. मी शाळेतून येताना कधी दुकानात थांबले की तो दोन चिंध्या माझ्यापुढे धरायचा.

“सांग वं, सख्खे का चुलत?”

मी नेहमी चुकायचे. “नेव्ही ब्लू,” एवढंच म्हणायचे. तो हसायचा. “एवढी फी घेते तुमची शाळा अन् निळ्याले एकच नाव शिकवते?” मग तो मला नावं सांगायचा: आनंदी, मोरपंखी, रामा, मेंदी, वांगी, चिंतामणी. माझं जे काही मराठी आहे, त्यातलं बरंचसं त्या काउंटरवरचं आहे. शाळेत मराठी बोललं की रागवायचे आणि घरी मी बोलायचेच कमी.

मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, विणकर होते. घरच्या मागावर विणलेली लुगडी खांद्यावर टाकून ते बर्डीवर दुकानादुकानांत जायचे. माग बंद पडला तेव्हा मामा सतरा वर्षांचा होता. ज्या रस्त्यावर बाप लुगडी घेऊन यायचा, त्याच रस्त्यावर मुलगा काउंटरमागे उभा राहिला. तेव्हा दुकानांना फळ्यांची दारं होती, असं तो सांगायचा. सकाळी फळ्या एकेक करून काढायच्या, त्यांच्यावर खडूने आकडे घातलेले असायचे आणि फळ्या उतरल्याचा आवाज रस्ताभर पसरत जायचा. मग शटर आले. मी कॉलेजात असताना काचा आल्या. मॉलमध्ये जाणारं गिऱ्हाईक परत यावं म्हणून एकामागून एक दुकानांनी एसी बसवला. मामाच्या शेठनेही बसवला. पायरी तोडून तिथे काचेचं दार आलं आणि छताला पांढरेशुभ्र एलईडी.

त्याच वर्षी मामा चुकायला लागला.

मी तेव्हा रोज दुपारी दुकानात असायचे. आई मामाचा डबा माझ्याजवळ द्यायची आणि क्लासला वेळ असेपर्यंत मी शिडीजवळच्या स्टुलावर पुस्तक उघडून बसायचे. न बोलणाऱ्या माणसाला बरंच दिसतं. मामा आता वळून एका झटक्यात तागा काढत नव्हता. दोन काढायचा, तीन काढायचा, पुन्हा ठेवायचा. पांढऱ्याच्या ताग्यांतून मोतिया वेगळा काढायला त्याला वेळ लागायचा. कुणी काही म्हटलं की तो छताकडे बोट दाखवायचा. “हे लाइट पाहा न. यात सोनं बी पितळ दिसते.” बायका हसायच्या. मीही ते खरं मानलं, कारण तसं मानणं सोपं होतं.

एका दुपारी कामठीहून एक बाई आली. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चार दिवसांवर होतं. साडी मोरपंखी निळी, जरीच्या काठाची. मामाने तागा काढला, काचेचं दार ढकललं आणि तो रस्त्यावर गेला. बाई त्याच्या मागे गेली, आणि का कोण जाणे, मीही गेले. स्वच्छ ऊन होतं.

“भाऊ, थोडं हिरवट नाही का वाटून राहिलं?” बाई म्हणाली.

मामाने साडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर तेच, माझ्या लहानपणचं हसू होतं.

“सांग वं पोरी, सख्खे का चुलत?”

मला दिसत होतं. साडी निळी होती आणि कापड हिरवं होतं. आता वर एलईडी नव्हता. आणि त्याच्या डोळ्यांत मला आणखी एक गोष्ट दिसली. तो माझी परीक्षा घेत नव्हता, तो विचारत होता.

रस्त्यात माणसं होती. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. परक्या बाईसमोर मामाला चूक ठरवायचं, तेही त्याच्याच दुकानासमोर, हे मला जमण्यासारखं नव्हतं. नंतर त्याला एकट्याला सांगू, असं मी ठरवलं.

“सख्खे,” मी म्हटलं.

“घ्या!” बाई हसली. “शिकेल पोरगी हाय, खोटं काहून बोलन? फाडा भाऊ.”

नंतर मी सांगितलं नाही. त्या दिवशी क्लासला उशीर होत होता. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी मामा खुशीत होता. सगळीच कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही.

आठवड्याने ती बाई परत आली तेव्हा मी शिडीमागे डबा धुऊन पुसत होते. तिने शिवलेला ब्लाउज आणि साडी काउंटरवर आपटली.

“पाहा! पाहा आता! सासरकडच्या बायांनी तोंडावर इचारलं, ब्लाउज मागून आणला का म्हणून! पोरगी माही रडून राहिली फोटो पाहून. तुमच्या भरोशावर आली होती मी. अन् ते तुमची शिकेल पोरगी, ते बी म्हणे सख्खं हाय!”

गल्ल्यावरून शेठ उठून आले. दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मी जिथे होते तिथून मामाची फक्त पाठ दिसत होती.

“तिचं नका ऐकू ताई,” तो म्हणाला. “ते लहान आहे, तिले काय समजते? चूक माही आहे.”

मी एकवीस वर्षांची होते. मी शिडीमागून बाहेर आले नाही. हातातला डबा केव्हाच कोरडा झाला होता, तरी मी तो पुसत राहिले.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. दुसऱ्या दिवसापासून मामाला आतल्या कोपऱ्यात पांढरं पॉपलीन मोजून फाडायला बसवलं, बस. रंगांच्या काउंटरवर दुसरा माणूस आला. बायका आत यायच्या, “ते भाऊ कुठे गेले?” विचारायच्या आणि कोपऱ्यातून मामा मान वर करायचा नाही. दिवाळीपर्यंत त्याने कसंबसं काढलं, मग तब्येतीचं कारण सांगून घरी बसला.

डोळ्यांच्या दवाखान्यात आईने त्याला नेलं ते त्यानंतर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याच्या नजरेवर पिवळट पडदा येत गेला होता, हळूहळू, त्यामुळे त्याला तो कळलाच नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. निळं त्याला हिरवट दिसत होतं. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली त्या सकाळी तो आमच्या न्हाणीघराच्या दारात कितीतरी वेळ उभा होता.

“बाप्पा,” तो म्हणाला, “एवढी निळी होती का हे बादली?”

आई हसता हसता रडली. मला हसू आलं नाही. इतकं सोपं काम होतं ते. सकाळी गेला, दुपारी घरी आला.

दुसरा डोळा झाल्यावर, प्रताप नगरच्या आमच्या घराच्या गच्चीवर, त्याने माझी ओढणी हातात घेतली आणि कुर्त्याजवळ धरली.

“हे चुलत आहे वं,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं.

तो थोडा वेळ ओढणीचा काठ बोटांत चोळत राहिला. “त्या दिवशी तुले दिसलं होतं न?”

“हाव.” घरच्या बोलीत मी क्वचितच बोलते. तेव्हा तोच शब्द तोंडातून आला.

“मंग बोलली काहून नाही?”

“ती बाई होती समोर.”

“मी बाईले थोडी विचारलं होतं,” तो म्हणाला. “तुले विचारलं होतं.”

त्याचा आवाज रागाचा नव्हता. त्याने ओढणी सोडली आणि खाली चहा झाला का ते बघायला गेला. त्यानंतर त्याने मला ते पुन्हा कधी विचारलं नाही. दोन चिंध्या पुढे धरल्या नाहीत, ‘सांग वं’ म्हटलं नाही. बाकी सगळं पूर्वीसारखंच आहे. माझ्यासाठी संत्री आणतो, नोकरीचं विचारतो.

यंदा मावसबहिणीच्या लग्नासाठी मला साडी घेतली, तेव्हा मी धीर करून त्याला म्हटलं, “मामा, बर्डीवर येतोस का? मॅचिंग घ्यायचंय.”

तो टीव्ही बघत होता. “तुझी तू पाह्य,” तो म्हणाला. “तुले दिसते.”

मी एकटीच गेले. त्या दुकानात आता अर्ध्या भिंतीवर तयार ब्लाउज टांगलेले आहेत, ताणले की कुणालाही बसणारे. उरलेल्या ताग्यांतून काउंटरवरच्या मुलीने एक काढला आणि म्हणाली, “परफेक्ट आहे मॅडम.” मी तिला तो बाहेर आणायला सांगितला. तिने एसीकडे आणि माझ्याकडे बघितलं, पण आली. जिथे पायरी होती तिथे आम्ही उभ्या राहिलो. मी साडी आणि कापड उन्हात धरलं.

“चुलत आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“जुळत नाही. हिरवट आहे. दुसरं दाखवा.”

“बरं मॅडम,” ती म्हणाली आणि दुसरा तागा काढायला आत गेली.