उंबऱ्यातलं कमळ

माझ्या साडूइतका बिनकामाचा हुशार माणूस उभ्या इंदापूर तालुक्यात झाला नाही. हे मी कौतुकानं म्हणतो असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे जळून म्हणतो. आम्ही दोघं एकाच वर्षी कॉम्प्युटर शिकलो. मी बारामतीत क्लास काढला, त्यानं इंदापुरात. माझी पोरं पगारपत्रकं शिकत. त्याची पोरं पडद्यावर पतंग उडवत आणि घरी जायला तयार नसत. बटण दिसेल तिथं त्याचं बोट जायचंच. स्वतःच्या लग्नात अक्षता पडल्या आणि नवरदेव गायब! सापडला तो मांडवामागं, मुंडावळ्या कानामागं सारून लायटिंगच्या माळेचा डबा उघडताना. "बघत होतो, कशी पळती ती," एवढंच म्हणाला. माझ्या हातून हे घडतं, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. त्याचं मात्र सासूबाई अजून हसून सांगतात.

एका वर्षी वरकुट्याला, सासुरवाडीत, तो गौरीपुढं आरास करायला कॉम्प्युटर घेऊन आला. एसटीत मॉनिटर मांडीवर, लेकरासारखा. जुना कीबोर्ड उकलून त्याच्या तारा त्यानं पत्र्याच्या पट्ट्यांना जोडल्या आणि पट्ट्या गोणपाटाखाली लपवल्या. वर पाय पडला की पडद्यावर कमळ उमलणार, असा प्रोग्रॅम. मी आरत्या छापून नेल्या होत्या, सुबक, समास सोडून. बायका त्या कागदांनी वारा घेत होत्या. "अवो, तुमी बी असं कायतरी करा की!" बायको म्हणाली. कित्येक वर्षांत ती माझ्या कशानंच हरखली नव्हती, हे माझं खरं दुखणं.

पण मेव्हणीनं हौसेनं गोणपाटावर रांगोळी घातली, आणि घोटाळा झाला. हळदीकुंकवाला आलेली एकेक बाई पदर सावरून कडेकडेनं जाऊ लागली. "द्या की पाय, मावशी!" साडू विनवत होता.

"आरं, गौरीच्या रांगुळीवर? पाप लावतो व्हय मला?"

पडदा काळा तो काळाच. मला इतकं बरं वाटलं, की गौरीच्या मुखवट्याकडं बघायची लाज वाटली.

साडू रुसला नाही. नुसता दाराकडं बघत बसला. मग उठला, पट्ट्या काढून उंबऱ्यावर बसवल्या, वर लाल कापड टाकलं. गौरीच्या घरात शिरताना बाई उंबऱ्याला हात लावूनच येते; कुणी सांगावं लागत नाही. मावशी वाकल्या आणि पडद्यावर गुलाबी कमळ!

"अगं बया! माज्या हातानं आलं?" त्या बाहेर जाऊन परत आत आल्या. मग सगळ्याच आत-बाहेर. माझी बायको पोरीसारखी टाळ्या पिटत होती.

सगळ्या जेवायला बसल्यावर मीही वाकलो, बोटं टेकली. कमळ आलं, सगळ्यांना आलं तसंच. मॉनिटरमागून साडू म्हणाला, "पाव्हणं, अजून एकदा! हात दाबून धरा, मंग पाकळ्या मिटत न्हाईत."

मी पुन्हा वाकलो. स्वयंपाकघरातून सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "थोरलं जावई लई देवभोळं हायती!"

मी हात उचलला नाही. बायको पानावरून उठून बघायला येते का, याची वाट बघत तसाच वाकून राहिलो.