पाळण्याची चाल आणि कोठीतला उंदीर

आबांकडे मेंडोलिन शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराचा क्रम ठरलेला होता. आधी सरगम, मग आरतीची चाल, मग पाळणा. वरातीत नाचायची चाल सगळ्यांना पहिल्या दिवशीच हवी असायची. आबा म्हणायचे, "आधी पाळणा वाजव. लेकरू जागं झालं न्हाई, तर वरात देतो."

आबा म्हणजे माझे वडील. कळमनुरीच्या बाजूला आमच्या गावात ते शिंपीकाम करायचे आणि लग्नसराईत बँडपार्टीत मेंडोलिन वाजवायचे. संध्याकाळी मशीनवर कापड झाकून पोरांना शिकवायचे. मी त्यांच्या पाठीमागे बसून शर्टांची काजं करायची. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून काजं माझ्याकडे होती. पोरगं चुकलं की माझी सुई थांबायची. कुठे चुकलं ते मला कळायचं. एकदा मी हळूच सांगितलं, तर तो म्हणाला, "उस्ताद, तुमची काजंवालीच शिकवून राहिली मला!" सगळे हसले. आबाही हसले. नंतर मी कधी बोलले नाही.

आबा गेले तेव्हा माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. भावांनी मशीन घेतली, कात्री घेतली. मेंडोलिन कुणालाच नको होतं. वहिनी म्हणाली, "अडगळ हाय, तुमीच घेऊन जा." मेंडोलिनच्या पेटीत आबांची वही होती. पोरांसाठी त्यांनी चाली आकड्यांत लिहून ठेवल्या होत्या, कोणती तार आणि कितवा पडदा. पडदे म्हणजे मेंडोलिनच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या. तिथे तार दाबली की सूर बदलतो. आकडे मला वाचता येतात. एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हाच मी मनाशी ठरवलं की पाळण्याची एक चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायची आणि आपल्या कानांनी ऐकायची. एवढंच.

कुरुंद्याला सासरी पोचले आणि त्याच आठवड्यात सासरे गेले.

आमच्या घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, घरात काही वाजवणं नाही. टीव्हीसुद्धा मुका लावायचा. मी पेटी कोठीत हळदीच्या पोत्यांमागे ठेवून दिली. वर्षाचं काय, जाईल, असं वाटलं. वर्ष संपायला महिना राहिला आणि चुलत सासरे गेले. सासूबाईंनी त्यांचंही वर्ष धरलं. "सख्खा दीर हाय माझा," म्हणाल्या. आमची भावकी मोठी आहे, आणि म्हातारी माणसं अजून पुष्कळ आहेत. त्या दिवशी मी बसल्या बसल्या ती मोजली आणि मग स्वतःचीच भीती वाटली.

तेव्हा एका दुपारी मी कोठीत जाऊन वही उघडली. तार छेडायचीच नाही, नुसती डाव्या हाताच्या बोटांनी दाबायची. त्याचा कसला आवाज? नखी, म्हणजे तार छेडायची ती प्लास्टिकची चकती, मी पेटीतच राहू दिली. आधी सरगम केली. मग आरती. सूर मला डोक्यात ऐकू यायचे, लहानपणी ऐकलेले. बोटं चुकली की डोक्यातला सूरही थांबायचा, आणि काजं करताना सुई थांबायची तशी मी थांबायची. आरतीला सात-आठ महिने लागले. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. हळदीनं हात पिवळेच असतात, त्यात ते कुणाला दिसले नाहीत.

सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं. कान मात्र फार तिखट. ओसरीवर बसून कोणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते सांगतात. एकदा माझं बोट निसटलं आणि तार बारीकशी वाजली.

"काय वाजलं गं?"

"पितळी पडली, आत्याबाई."

"पितळी अशी वाजत न्हाई," त्या म्हणाल्या. मी वही मिटली. जरा वेळानं त्यांनीच विषय सोडला.

पण चार दिवसांनी जेवताना त्यांनी ह्यांना सांगितलं, "कोठीत उंदीर शिरलाय. रोज दुपारी टकटक करून राहिला. काहून पिंजरा आणत न्हाईस?"

बोटं पट्ट्यांवर पडायची, त्याचा तो आवाज. ह्यांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून लोखंडी पिंजरा आणला आणि पोत्यांजवळ ठेवला. मला म्हणाले, "रोज भाकरीचा ताजा तुकडा लाव. शिळ्याला उंदीर येत न्हाई."

त्यानं माझी सोयच झाली. कोठीत जायला कारण मिळालं. रोज दुपारी मी पिंजऱ्यातला तुकडा बदलायची, दार ओढून घ्यायची आणि पिंजऱ्याशेजारी बसून पाळण्याची बोटं करायची. संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, "सापडला का?" मी म्हणायची, "न्हाई." "मोठा हुशार हाय मेला," त्या म्हणायच्या.

चुलत सासऱ्यांचं वर्ष झालं. त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाई नणंदेकडे शिरड शहापूरला गेल्या, हे शेतात गेले. दुपारभर घर माझं एकटीचं होतं. मी मेंडोलिन ओसरीवर आणलं. नखी धरली. पाळण्याची बोटं डाव्या हाताला पाठ होती, डोळे मिटूनही चुकली नसती.

आणि जे वाजलं ते पाळणा नव्हतंच. तारा ढिल्या पडल्या होत्या. वर्षभर मी त्या दाबत होते आणि त्या उतरत गेल्या होत्या, ते मला कळलंच नव्हतं. मी डोक्यातलं ऐकत होते. उजवा हात तर अगदी अडाणी. डावा पुढे निघून जायचा, उजवा मागे राहायचा. वहीत तारा लावायच्या कशा हे एका ओळीनंही लिहिलेलं नव्हतं. पोरं यायच्या आधी आबा लाकडाला कान लावून खुंट्या पिळायचे. ते काम त्यांचंच होतं, लिहिणार कशाला?

मी खुंटी पिळायला घेतली. चार जोड्या, आठ तारा, आणि जोडीतल्या दोन्ही एका सुरात बोलल्या पाहिजेत. तार तुटेल म्हणून जरा जरा पिळत होते. दिवस कलेपर्यंत एकच जोडी जुळली. कुणाला विचारावं तर बँडपार्टीतल्या पुरुषांकडे जावं लागेल. ह्यांना सांगावं, तर हे रागावणार नाहीत, हसतील आणि शेजाऱ्यांना बोलावतील, "या, आमच्या मंडळीचं ऐका." ते मला मरणासारखं. आता वर्ष संपलं होतं, मला कोणी अडवत नव्हतं, आणि तरी मी पेटी उचलून परत कोठीतच नेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई रडतच आल्या. त्यांची थोरली जाऊ गेली होती. ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "झालं. पुन्हा वर्षभर घरात काई वाजायचं न्हाई."

मी त्यांना पाणी दिलं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खरं तेच लिहिते. माणूस गेलं होतं, ती बाई माझ्याशी चांगली वागायची, आणि मला बरं वाटलं की आता वर्षभर कोणी ऐकणार नाही. पाणी देऊन मी आत गेले आणि चुलीपाशी उगीच भांडी हलवत राहिले.

तेराव्याचे दिवस झाल्यावर मी पुन्हा कोठीत गेले. आधी पिंजऱ्यातला तुकडा बदलला. मग चिंधीची घडी करून तारांखाली खोचली, म्हणजे छेडलं तरी सूर निघत नाही, नुसतं टिक टिक होतं. आता उजव्या हातालाही शिकवायचं. वहीचं पहिलं पान काढलं. पुन्हा सरगम.

संध्याकाळी सासूबाई भाकरी मोडता मोडता ह्यांना म्हणाल्या, "एक व्हता, आता दोन झाले. दोघांचा आवाज येगळा हाय."

"तुला काय वाटतं?" ह्यांनी मला विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "जोडी हाय. पिंजरा राहू द्या अजून."