दोन थापा, एक थाप

नंदनवन वस्तीच्या मागच्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर ताराचंद वैरागडेचा जुना नाकवाला ट्रक उभा होता, आणि प्लॉट विकला गेला होता. नव्या मालकाचा निरोप आला: शुक्रवारी कंपाउंडचं काम काढतोय, त्याआधी गाडी हलवा, नाहीतर भंगारवाला कटर घेऊन येईल.

ट्रकला एक गिऱ्हाईक होतं. अंकुश नावाचा वीटभट्टीवाला त्याचा पाण्याचा टँकर करणार होता. पण त्याची अट फोनवरच सांगून झाली होती. "चालू करून दाखवजा काका. ढकलगाडी मी घेत नाई." आणि टुक् करून फोन बंद.

म्हणजे इंजिन धडधडलं तर ट्रक जगणार, नाही तर त्याचे तुकडे पडणार.

या ट्रकवर ताराचंदने कोराडीच्या वीजकेंद्राचा कोळसा वाहण्यात अर्धं आयुष्य घालवलं. शेजारच्या सीटवर क्लीनर म्हणून धोंडबा. धोंडबा बोलायला भारी आळशी माणूस. मागे उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' असं ओरडणं त्याला कधी जमलं नाही. तो गाडीच्या अंगावर तळहात मारायचा. दोन थापा म्हणजे चला. एक थाप म्हणजे थांबा. त्या हातावर ताराचंदचा इतका भरवसा की डावा आरसा फुटला तो त्याने पुन्हा बसवलाच नाही. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी धोंडबा झोपेतच गेला, आणि तेव्हापासून ट्रक जागचा हलला नाही.

उभ्या गाडीचं जे होतं ते झालं. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनकडे ढकलणारा मुठीएवढा फीड पंप गंजून आवळून बसला. ताराचंदने तो काढला, फडक्यात बांधला आणि सुशीलच्या पार्टच्या दुकानात गेला. सुशीलच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, त्यामुळे त्याची निम्मी अक्षरं आतच राहत.

"हँपल आनलं का, काका?"

ताराचंदने फडकं सोडलं. सुशीलने पंप उलटापालटा केला आणि मान वर करून, खर्रा सांभाळत म्हणाला, "हे तं माह्या जन्माच्या आधीचं होय. ओरिजनल विसरून जा. हा डुप्लिकेट घ्या."

"बसन का?"

"बसवला तं बसन."

नाही बसला. तीन भोकांपैकी दोन जुळली, तिसरं केसभर बाजूला. ताराचंदने तो परत नेला तेव्हा सुशीलने पिंक टाकून जरा माणसासारखं तोंड मोकळं केलं आणि जुनी इंजिनं खोलतात त्या भंगार बाजाराचा पत्ता दिला.

तिथे शोभाताई नावाची बाई सुट्या पार्टच्या ढिगात पाय पसरून मटार सोलत बसली होती. तिने फडक्यातलं सँपल बघितलं, मटारची परात बाजूला सरकवली, आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालून हुबेहूब तसाच पंप वर काढला.

"वायसर नवे टाकजो गा. फिट करायले कोन हाय?"

"मीच."

"घरी कोनी नाई का संगं?"

"हाय ना," ताराचंद म्हणाला. घरी कोणी नव्हतं. बायको प्रयागबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि पोरगी दिपाली पुण्याहून रविवारी फोन करायची.

गुरुवारी सकाळी त्याने पंप घासलेटात धुतला, नवे वायसर घातले आणि बॉनेट उघडून आत वाकला. कामात तोंड गप्प राहवेना, म्हणून तो धोंडबाचंही बोलणं स्वतःच बोलू लागला. "धोंडबा, पाना दे." मग नाकातून, ओढून ओढून, "घ्या नाऽ." तीन नट आवळून होईपर्यंत दोघांचं एक भांडणसुद्धा झालं, खाली पडलेल्या वायसरवरून.

खरी पंचाईत पुढे होती. रिकाम्या पाइपात हवा शिरलेली, आणि हवा असेपर्यंत डिझेल इंजिन पेट घेत नाही. एकाने केबिनमध्ये बसून सेल्फ मारायचा, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवायचं, दुसऱ्याने इंजिनपाशी पाइपाचे नट सैल करून हवा निघू द्यायची आणि डिझेलची धार लागली की आवळायचे. दोन माणसांचं काम. ताराचंद वर चढून सेल्फ मारी, खाली उडी टाकून धावत पुढे येई, तोवर धार लागून गेलेली नाही तर बुडबुडा परत आत. घुर्र-घुर्र-घुर्र. पुन्हा वर. घुर्र-घुर्र. बॅटरीचा आवाज म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा व्हायला लागला, तसा तो बंपरवर बसला.

समोरच्या घराचं फाटक वाजलं. मार्तंडराव बाहेर आले. रिटायर्ड हेडक्लार्क, माकडटोपी, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. या ट्रकच्या धुराविरुद्ध आणि आवाजाविरुद्ध त्यांनी महापालिकेला इतके अर्ज केले होते की तिथला शिपाई त्यांना नावानिशी ओळखायचा.

"काय करून राहिलात हो तुम्ही सकाळपासून?"

"हवा धरली हाय भाऊ. एकट्याच्यानं निघत नाई."

"मग माणूस बोलवा एखादा."

"कोनाले?"

मार्तंडरावांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. गल्लीत एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं.

"चालू झाली तर जाणार ना ही? नक्की?"

"जाईन ना गाडी."

"मग सांगा, काय करायचंय?"

त्यांना केबिनमध्ये चढवणं हेच निम्मं काम झालं. आधी चुकीचा पाय वर गेला, मग माकडटोपी दाराला अडकली. सीटवर टेकल्यावर त्यांनी डॅशबोर्डची तपासणी सुरू केली. "हा काटा शून्यावर कसा?"

"गाडी उभी हाय म्हनून."

"हं. बरोबर."

"हे बटन दाबाचं. मी सांगतो तवाच." ताराचंद पुढे आला. उभ्या बॉनेटमुळे केबिन दिसत नव्हती. त्याने नट सैल केले, आणि हाक मारायचं विसरून त्याचा हात सवयीने मडगार्डवर पडला. थाप, थाप.

सेल्फ लगेच घुरघुरला. फेस आला, बुडबुडे आले, मग निखळ धार. त्याने एक थाप मारली. सेल्फ तिथल्या तिथे थांबला.

ताराचंदने नट आवळले आणि बॉनेटच्या बाजूने डोकं काढलं. "तुमाले कोनं सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे?" मार्तंडराव खिडकीतून खेकसले. "रोज पहाटे माझी झोप कशानं मोडायची? दोन थापा वाजल्या की तुम्ही निघालात. मग मी उठायचो, दूध तापवायचो. आता जाग येते, पण उठावंसं वाटत नाही. चला, हाणा पुढे."

थाप, थाप. बॅटरीने शेवटचा दम काढला, घुं… घुं… आणि इंजिन एकदा शिंकलं, दोनदा शिंकलं आणि धडधडत उभं राहिलं. पांढरा धूर वाऱ्याने थेट मार्तंडरावांच्या ओसरीत घुसला. ते त्या धुराकडे बघत बसून राहिले. अर्जाचं नाव निघालं नाही.

दुपारी अंकुश आला. इंजिनचा आवाज ऐकून खूश झाला, व्यवहार उरकला आणि मोबाइलवर गाणं लावून स्टिअरिंगवर बसला. ताराचंद मागे गेला, रस्ता मोकळा पाहिला आणि दोन थापा दिल्या.

अंकुशने खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं काका? काई लागलं का?"

"नाई. येऊ दे."

ट्रक मागे येत रस्त्यावर आला, वळला आणि पुढे निघाला. मागचा फाळका ताराचंदच्या जवळून सरकायला लागला, आणि तो निसटता निसटता त्याचा तळहात त्यावर पडला. एकदाच, जोरात.

ट्रक थांबला नाही. गाणं कोपऱ्यावरून वळून विरत गेलं.

मार्तंडराव त्यांच्या फाटकात उभे होते. "थांबवायची होती का?"

ताराचंदने काळा पडलेला तळहात पँटला पुसला. "नाई हो. हात लागला."

"बरं," मार्तंडराव म्हणाले. पण फाटकाची कडी घालायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.