फ्रीजमधली मानाची जागा

फ्रीज दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला लोकांनी थंडोबा म्हणावं, यात नवल नाही. नवल हे, की त्यांचा पारा कायम चढलेला असे. कुणाचा फ्रीज भिंतीला चिकटलेला दिसला की ते यजमानाला फैलावर घेत. "त्याला मागून गरम हवा सोडायला जागा नको? तुम्हाला उशीत नाक दाबून झोपवू का?" फ्रीजच्या दारात कागदाचा कपटा अडकवून ओढायचा, सहज निघाला तर रबर सैल आणि वीज फुकट जाणार. पाहुणे म्हणून गेले तरी कपटा खिशात असेच.

बायकोला इन्सुलिन सुरू झालं, तेव्हा त्यांनी जुना फ्रीज काढून कमी वीज खाणारा, आत बर्फ साचू न देणारा नवा आणला. तिच्या बाटल्यांना मानाची जागा दिली: वरच्या कप्प्यात, अगदी मागे, जिथून गार वारा आत येतो. "इथे कुणी हात लावायचा नाही," असं बजावलंही.

पण बायकोची साखर उतरेना. उलट चढतच गेली.

"चोरून गोड खातेस तू."

"नाही हो. शपथ घेऊ का?"

"मग साखर काय हवेतून येते?"

थंडोबांनी परगावच्या मुलीकडे फोनवर गाऱ्हाणं घातलं. मुलीनं आईला चांगलंच झापलं. त्यानंतर बायकोनं शपथा घेणं सोडून दिलं. निमूट सुई टोचून घ्यायची आणि घटाघटा पाणी प्यायची. एका सकाळी ती न्हाणीघरात कोसळली.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "औषध कुठे ठेवता?"

थंडोबांनी जागा सांगितली. "गारव्याची काळजी नको, तो माझा धंदाच आहे."

"वाऱ्याच्या तोंडाशी?" सिस्टर थबकली. "काका, तिथे ते गोठलं असणार. एकदा गोठलं की पुन्हा पातळ होतं, दिसतंही पहिल्यासारखं, पण गुण उरत नाही."

त्याच तोंडाशी गोठून कडक झालेल्या भाज्या थंडोबांनी कितीतरी घरांतून उपसल्या होत्या, वर घरच्या बायकांची टर उडवली होती. औषध भाजीच्या पंगतीत बसतं, हे मात्र डोक्यातच आलं नाही. तिच्यासाठी जितकं गार तितकं चांगलं, एवढंच त्यांच्या मनानं घेतलं होतं.

नव्या बाटलीनं बायको सावरली. थंडोबा खाटेशी उभे राहिले. "तू काही खाल्लं नव्हतंस."

"ते मला काय सांगता? मला ठाऊकच होतं. पोरीला सांगा."

त्यांनी तिथूनच फोन लावला. भिंतीकडे तोंड करून ते पुटपुटले. "आई खोटं बोलत नव्हती गं... औषध मीच नासवलं."

बायकोनं डोळे मिटूनच म्हटलं, "जरा मोठ्यानं बोला."