स्नोमोबिलवरच्या अक्षता

दसऱ्याला आमच्याकडे स्नोमोबिलची पूजा होते. हे वाक्य पुण्यातल्या बहिणीला सांगितलं की ती अजूनही फोनवर खिदळते. खिदळू दे. तिच्याकडे स्कूटरला हार घालतात, तिच्या कोपऱ्यावरचा गिरणीवाला गिरणीला घालतो. आम्ही मिशिगनच्या पार उत्तरेला राहतो, इथे ऑक्टोबरातच पहिला बर्फ येऊन जातो, आणि स्नोमोबिल म्हणजे बर्फावर पळणारी स्कूटरच. ज्याच्या जिवावर माणूस हिंडतो-फिरतो त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू वाहायचं, एवढंच मला कळतं. आधी मी डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला वाहायची, मग गाडीला, मग अंगणातला बर्फ उडवायच्या यंत्राला.

डॉक्टर म्हणजे माझे पती. या गावच्या हॉस्पिटलात त्यांनी सगळी नोकरी काढली आणि मी इथल्या लायब्ररीत. गावात मराठी घर आमचं एकच. सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणतं म्हणून मलाही तीच सवय लागली. देवाधर्माच्या बाबतीत डॉक्टर काठावर बसून मजा बघणारे. मी पूजा करायची आणि त्यांनी बाजूला उभं राहून टोमणे मारायचे, ही आमची रीत. "अगं, पेट्रोलचा नैवेद्य दाखव, त्याला पुरणपोळी चालत नाही," असं काहीतरी बोलायचे आणि शेवटी प्रसादाचं खोबरं मात्र आधी उचलायचे.

या स्नोमोबिलची पूजा मी जरा जास्त मनापासून करते, त्याला कारण आहे. डॉक्टर रिटायर झाले आणि सोफ्यावर बसले. बसले ते बसलेच. हातात रिमोट, टीव्ही चालू, नजर भलतीकडे. जेवायला हाक मारली की यायचे, पानात वाढलेलं खायचे आणि परत जाऊन बसायचे. पार दक्षिणेला, चँडलरला स्थायिक झालेले आमचे मित्र फोन करून सांगायचे, "अरे, इकडे ये, उन्हात राहा, तिथे गारठून काय करतोस?" त्यावर नुसतं हूं म्हणायचे. चिडलेला माणूस मला सांभाळता येतो. या गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी फार घाबरले होते.

मग एका जुन्या पेशंटने शेत विकलं, तेव्हा त्याची पिवळी स्नोमोबिल डॉक्टरांनी घेतली. मी म्हटलं, या वयात हे काय खूळ! पण त्या हिवाळ्यात ते रोज दुपारी तळ्यावर जायला लागले. तळं गोठलं की त्याच्यावर रस्ते पडतात, लोक या काठावरून त्या काठावर जातात, मध्येच थांबून बर्फाला भोकं पाडून मासे पकडणाऱ्यांशी गप्पा मारतात. डॉक्टर परत यायचे ते नाक लाल करून, भुकेने वखवखलेले, आणि टेबलावर बसून तोंडाचा पट्टा सुरू. कोणाला केवढा मासा लागला, कोणाचा गुडघा दुखतोय, कोल्हा कुठे दिसला. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि त्या पिवळ्या यंत्राला मनातल्या मनात हात जोडायची.

तर गेल्या दसऱ्यालाही नेहमीसारखी पूजा केली. गराजमध्ये कुंडीत जपलेली झेंडूची फुलं वाहिली, अक्षता टाकल्या, पुढच्या पिवळ्या बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं ओढली. आणि तशीच ती ट्रेलरवर चढवून हंगामाआधीच्या सर्व्हिसिंगला नेली. आमचा नेहमीचा मेकॅनिक पुढच्या गावात, लांब. हायवेवर एक नवं दुकान उघडलं होतं, जवळ पडेल म्हणून डॉक्टर तिकडे वळले, मी शेजारी बसलेली.

दुकानदार उंचापुरा, हसतमुख, बोलायला गोड. दुकानाच्या खिडकीबाहेर त्याने पाखरांसाठी दाण्याचा फीडर टांगला होता आणि त्यावर चिमण्यांची झुंबड उडाली होती. मला वाटलं, पाखरांना घालतोय म्हणजे माणूस बरा असणार. त्याने स्नोमोबिलकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. कुंकवाकडे बोट दाखवून विचारलं, "हरीण धडकलं का?"

झालं! आमच्या डॉक्टरांना कोणी आपल्याकडचं काही विचारलं की त्यांच्या अंगात मास्तर संचारतो. घरात टोमणे मारणारा हाच माणूस परक्यापुढे संस्कृतीचा राजदूत होतो. त्याला दसरा सांगितला, शस्त्रपूजा सांगितली, हत्यारांबद्दल कृतज्ञता वगैरे सांगितलं. फुलं कशी वाहतात, तांदूळ कसे टाकतात, हे हाताने करून दाखवलं. दुकानदार मान हलवत होता, छान छान म्हणत होता. मी डॉक्टरांची बाही ओढत होते. आपल्या लोकांची ही खोडच आहे, कोणी नुसतं नमस्कार का करता विचारलं तरी आपण वेदांपासून सुरुवात करतो.

दोन आठवड्यांत देतो म्हणाला होता. तळं गोठलं तरी स्नोमोबिल आली नाही. कधी पार्ट यायचा होता, कधी माणूस आजारी होता, कधी फोनच उचलला जात नव्हता. दुपार झाली की तळ्यावरून दुसऱ्यांच्या स्नोमोबिल्सचे आवाज यायचे. डॉक्टर खिडकीपाशी उभे राहून ऐकायचे आणि मग सोफ्यावर जाऊन बसायचे. ते सोफ्यावर टेकले की मला रिटायर झाल्यानंतरचे ते दिवस आठवायचे.

शेवटी फोन आला. डॉक्टरांनी स्पीकरवर टाकला. दुकानदार अगदी हळहळत सांगत होता, की इंजिन गेलं. हवा आत घेते तिथे दाणे भरले आहेत, तुम्ही पूजेत टाकता तो तांदूळ. मशीनने तो आत ओढला. आता दुरुस्त करण्यात अर्थ नाही, पण तुमची अडचण नको म्हणून सुट्या भागांसाठी मी ठेवून घेतो.

वाद नाही, एक प्रश्नसुद्धा नाही. डॉक्टरांनी फोन ठेवला, माझ्याकडे न बघता "जाऊ दे" म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

मला वाटलं होतं रागावतील. तुझ्या त्या अक्षतांनी घात केला, एवढं जरी म्हणाले असते तरी मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण त्यांनी ब्र काढला नाही. मी मनाशी म्हटलं, बाई गं, ज्या यंत्राने तुला तुझा माणूस परत दिला ते तू आपल्या हाताने मारलंस, आणि तेसुद्धा पूजा करून. मार्गशीर्षातला गुरुवार होता. पूजा मांडली, पण अक्षतांच्या वाटीकडे हात जाईना. फक्त फुलं वाहून उठले.

मुलगी बेलव्ह्यूला असते, तिला फोनवर सांगितलं तर ती उखडलीच. "आई, सीरियसली? राइस कान्ट किल अ‍ॅन इंजिन! बाबांना सांग सेकंड ओपिनियन घ्या. ही इज अ डॉक्टर, यार!"

मी हे डॉक्टरांना सांगितलं. जन्मभर पेशंटांना दुसऱ्या डॉक्टरला दाखवून या म्हणणारा हा माणूस म्हणाला, "नको. देऊन टाकू. चँडलरचं काय ते बघू या." ते ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, द्यायचीच असेल तर मी बरोबर येणार. निदान माझा अपराध डोळ्यांनी बघू दे.

दुकानदाराने पुरावा तयारच ठेवला होता. काउंटरवर प्लॅस्टिकचा पारदर्शक पेला, त्यात इंजिनातून काढलेले दाणे. त्याने तो डॉक्टरांपुढे सरकवला. डॉक्टरांनी आत ओझरतं पाहिलं आणि मान खाली घातली. मग पेला मी उचलला.

डॉक्टर इतकी वर्षं माझ्या हातचा भात जेवतायत, पण स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा माझ्या मागून येतात. त्यांना तांदूळ कळला नाही यात नवल नाही. मला मात्र पेला हातात घेतल्याबरोबर कळलं. तो तांदूळ नव्हताच. गोल, बारीक, चकचकीत दाणा. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, जन्मभर उपासाला भगर शिजवणारी बाई मी, सालासकटची भगर मला कळणार नाही? तीत सूर्यफुलाची काळी-पांढरी टरफलं मिसळलेली. आणि मुख्य म्हणजे एकाही दाण्याला लाल रंग नव्हता. मी कोरड्या तांदळाच्या अक्षता कधी वाहत नाही. चमचाभर पाण्यात कुंकू कालवून त्यात तांदूळ घोळवते, माझी आई घोळवायची तसे. ते लाल ते लालच राहतात.

मी पेला घेऊन खिडकीपाशी गेले. बाहेर फीडरवर चिमण्या होत्या. फीडरमध्ये हेच, अगदी हेच. शेडच्या उघड्या दारातून त्या दाण्यांचं पोतं दिसत होतं, खालून कुरतडलेलं, आणि पोत्याला टेकून आमची पिवळी स्नोमोबिल उभी होती.

"हा तुमचा दाणा आहे," मी इंग्रजीत, लायब्ररीत आवाज करणाऱ्यांना सांगायची तसं हळू आणि स्पष्ट सांगितलं. "आमचा तांदूळ लाल असतो. तुमच्या शेडमध्ये उंदीर आहेत, आणि त्यांनी आमच्या यंत्रात घर केलंय."

दुकानदाराचं हसू तसंच राहिलं, फक्त कान लाल झाले. दाणा काय, तांदूळ काय, इंजिन गेलं ते गेलंच, असं काहीतरी पुटपुटला. मी डॉक्टरांकडे वळून मराठीत म्हटलं, "अहो, उचला आपली गाडी."

डॉक्टर माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मला काही कळेना. पुढच्याच क्षणी ते जवळजवळ धावत शेडमध्ये गेले. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. सीटच्या मागची छोटी डिकी उघडली, आत हात घालून चाचपलं, काहीतरी काढून जाकिटाच्या खिशात टाकलं. नंतर ट्रेलरचे पट्टे आवळताना चक्क शीळ घालत होते. पान्हा-बिन्हा असेल म्हणून मी विचारलं नाही. बॉनेटवरची कुंकवाची बोटं मात्र दुकानात कोणीतरी पुसून टाकली होती, ते मला फार लागलं.

त्याच शनिवारी पुढच्या गावच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने हवेच्या वाटेतून उंदराचं अख्खं घरटं बाहेर ओढलं. भगर, टरफलं, आणि दुकानांत तेलाचे हात पुसायला असतात त्या निळ्या कागदांच्या चिंध्या. म्हणजे घरटं बांधलं होतं ते त्या हसऱ्याच्याच दुकानात, त्याच्याच कागदाने. मेकॅनिकने आतलं साफ केलं, प्लग बदलला, दोरी ओढली. यंत्र खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं. त्या आवाजाने माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच त्याच्या तेलकट बाकावर बसून रडून घेतलं. त्या भल्या माणसाने कॉफी आणून दिली.

घरी येऊन डॉक्टर लगेच तळ्यावर गेले. मी खिडकीशी उभी. आवाज लांब गेला, पार पलीकडच्या काठाला बारीक झाला, आणि मग परत मोठा व्हायला लागला. मी शाल गुंडाळून अंगणात आले. डॉक्टरांनी गाडी थांबवली, हेल्मेट काढलं. नाक लाल. जाकिटाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि मागची डिकी उघडली.

"ते काय आहे?" मी विचारलं.

डॉक्टर चोरी पकडल्यासारखे थबकले. मग मूठ उघडली. कागदाची पुडी होती, त्यांच्याच जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदाची, वर रबरबँड. मी उघडली. आत माझ्या लाल अक्षता आणि वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

"दर दसऱ्याला थोड्या काढून ठेवतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "निघताना हात लावला की बरं वाटतं. तो माणूस तांदूळ म्हणाला तेव्हा मला वाटलं, हीच पुडी फुटली. तू इतकी रडवेली झाली होतीस, तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

म्हणजे इतके दिवस मी माझ्या अक्षतांना दोष देत झुरत होते आणि हे त्यांच्या पुडीला. एका घरात, भिंतीच्या दोन बाजूंना. मला हसूही आलं आणि दोन धपाटे घालावेसेही वाटले. इतकी वर्षं टोमणे मारणारा हा माणूस!

मी आत गेले आणि कुंकवाचा करंडा घेऊन आले. पुसलेल्या जागी परत पाच बोटं ओढली. बोटं गारठ्याने सुन्न झाली होती, पण रेघा सरळ आल्या. झाल्यावर करंडा बंद करत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी हातातलं हेल्मेट माझ्यापुढे केलं.

"यालाही लाव," म्हणाले.